चोथ्याचा गुलाबी रंग

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी जमवलेल्या यीस्टची यादी अजून माझ्या वहीत आहे. नऊ यीस्ट. नावं नाहीत, नुसते क्रमांक. पुढे प्रत्येक कुठून आणलं त्याची नोंद: साखर कारखान्याच्या आवारातला बगॅसचा ढीग, जास्वंदीचं फूल, आंब्याचं पान, केळीची कुजकी साल, गावी बाबांच्या तेल काढायच्या एक्स्पेलरच्या मागची काळी, तेलकट माती. शेवटच्या रकान्यात तेलाचं प्रमाण लिहिलं आहे आणि नऊपैकी पाच क्रमांकांपुढे लाल पेनाने 'तेल नाही' असा शेरा मारला आहे. अक्षर माझंच आहे.

पाव फुगवणारं यीस्ट सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या अंगात चरबी फारशी नसते. पण काही यीस्टचा स्वभाव वेगळा असतो. समोर साखर भरपूर आहे आणि नायट्रोजन मात्र संपला, अशी वेळ आली की त्यांना नवीन प्रथिनं करता येत नाहीत, त्यामुळे पेशींची संख्याही वाढवता येत नाही. साखर तर आत येतच राहते. मग ती तिचं तेल करून साठवून ठेवतात. सुक्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त तेल साठवणारं यीस्ट हे तेलकट यीस्ट, अशी ढोबळ व्याख्या आहे. चांगल्या जातींत हे प्रमाण निम्म्याच्या वर जातं. कल्पना शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा पाउल लिंडनर यांनी असं यीस्ट वाढवून त्यातून चरबी मिळवायची खटपट केली होती. पुढे इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कॉलिन रॅटलेज यांनी साखरेचं तेल नेमकं कोणत्या वाटेने होतं, ते बरंचसं उलगडलं. माझं काम त्या मानाने लहान होतं. आपल्या भागात असं यीस्ट शोधायचं आणि त्यातलं तेल मोजायचं.

तेल मोजायची कृती मला लॅबमध्ये आयती मिळाली. एका सिनियर दादाच्या वहीतून उतरवून घेतलेलं दीड पान. वाळवलेलं यीस्ट १०० मिलिग्रॅम घ्यायचं, त्यात क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी ठरलेल्या प्रमाणात घालायचं, जोरात हलवायचं, मग आणखी थोडं क्लोरोफॉर्म आणि पाणी घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. ट्यूबमध्ये दोन थर पडतात. वर मिथेनॉल आणि पाणी, खाली जड क्लोरोफॉर्म आणि दोन्हींच्या मधे चोथ्याची चकती. तेल क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. काचेच्या पिपेटने तो खालचा थर अलगद ओढून घ्यायचा, आधी वजन करून ठेवलेल्या कुपीत सोडायचा, नायट्रोजन वायूच्या झोताखाली उडवायचा आणि कुपी पुन्हा तोलायची. वाढलेलं वजन म्हणजे तेल. याला ब्लाय-डायर पद्धत म्हणतात. ती इतकी अंगवळणी पडलेली आहे की लॅबमध्ये कुणी 'तेल काढलंस का' असं विचारत नाही, 'ब्लाय-डायर केलंस का' असंच विचारतात.

मी केलं. प्रत्येक यीस्टचं तीनतीनदा केलं. आकडे आले सहा टक्के, आठ, पाच, अकरा. जास्तीत जास्त तेरा. आठपर्यंतच्या पाचांना मी 'तेल नाही' म्हणून निकालात काढलं आणि उरलेल्या चौघांपुढे 'थोडं' असं लिहिलं.

माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "एखादं नावाजलेलं यीस्ट आणून बघ. त्यात किती येतं ते तरी कळेल." हे खरं तर मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहातून रोडोटोरुला टोरुलॉइडिस हे लाल यीस्ट मागवलं. पूर्वी याला रोडोस्पोरिडियम म्हणत. तेलाच्या बाबतीत हे नाणावलेलं. प्लेटवर वाढलं की पोवळ्याच्या दागिन्यासारखा गुलाबी-नारिंगी रंग दिसतो, कारण गाजरात असतात त्या जातीची कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं ते स्वतः तयार करतं. पाच दिवस शेकरवर वाढवलं, वाळवलं, ब्लाय-डायर केलं. बारा टक्के.

यावरून मला कळायला हवं होतं. पण माणसाला आपल्या हातातली कृती सोडून बाकी सगळ्यावर संशय घेता येतो. मला वाटलं, अन्न चुकतंय. मग पुढचे चार महिने मी अन्न बदलत राहिले. साखर आणि नायट्रोजन यांचं प्रमाण साठास एक, ऐंशीस एक, शंभरास एक. अमोनियम सल्फेटऐवजी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. शेकरचा वेग वाढवला. एकदा तर यीस्टच म्हातारं झालं असेल म्हणून नव्याने प्लेट केलं. आकडा अकरा आणि तेराच्या मधे ठाण मांडून बसला होता. खरं म्हणजे त्याचं न हलणं हीच बातमी होती. एवढे बदल करूनही जो आकडा हलत नाही, तो ज्याच्यासाठी मोजला जातोय त्याचा नसण्याची शक्यता जास्त.

दोन गोष्टी मात्र डोक्यात टोचत होत्या.

पहिली वजनाची. दुसऱ्या दिवशी अन्नातला नायट्रोजन संपलेला दिसे. तेव्हा एका लिटरमध्ये सुकं यीस्ट भरे सात ग्रॅम. पाचव्या दिवशी तेच बारा ग्रॅम व्हायचं. नायट्रोजन नाही म्हणजे प्रथिनं वाढलेली नाहीत. मग हे पाच ग्रॅम कशाचे? पेशी स्टार्चसारखे पदार्थही साठवतात, म्हणून थोडं त्यांचं धरलं, तरी उरलेलं काय? माझ्या बारा टक्क्यांच्या हिशेबाने बारा ग्रॅममध्ये तेल जेमतेम दीड ग्रॅम होत होतं. जमाखर्च बसत नव्हता.

दुसरी गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली. नाईल रेड नावाचा रंग चरबीत गेला की मायक्रोस्कोपखाली चमकतो. एका संध्याकाळी शेजारच्या विभागात तासभर मायक्रोस्कोप मोकळा मिळाला. थेंबभर यीस्ट घेऊन पाहिलं तर प्रत्येक पेशीत सोनेरी गोळे. काही पेशी गोळ्यांनी अशा भरलेल्या की बाकीचं सगळं कडेला ढकललं गेलं होतं. बारा टक्के तेल असलेली पेशी अशी दिसत नाही. मी फोटो काढले, मॅडमना दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "दिसतंय तर खरं. मग जातंय कुठे?"

त्याचं उत्तर कचऱ्याच्या डब्यात होतं.

क्लोरोफॉर्मचा कचरा बेसिनमध्ये ओतता येत नाही. फ्यूम हूडमध्ये त्यासाठी वेगळी काचेची बरणी ठेवलेली असते. त्या दिवशी मी वापरलेल्या ट्यूब रिकाम्या करत होते. ओतता ओतता लक्षात आलं की मधली चोथ्याची चकती गुलाबी आहे. अगदी वाळवलेल्या पावडरीइतकीच गुलाबी. खालच्या थरातून काढलेलं क्लोरोफॉर्म मात्र फिकट पिवळसर. रोज पाहत होते, पण त्या दिवशी दिसलं. ही रंगद्रव्यं तेलात विरघळणारी आहेत. क्लोरोफॉर्म त्यांच्यापर्यंत पोचलं असतं, तर रंग त्यात उतरला असता आणि चोथा पांढरट पडला असता. चोथा गुलाबी राहिला याचा अर्थ बहुतेक पेशींच्या आत क्लोरोफॉर्म गेलंच नव्हतं. मी पेशींना बाहेरून आंघोळ घालत होते.

आमच्या घरी हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाबांचा एक्स्पेलर करडई आणि शेंगदाण्याचा. हंगामात पहिली पेंड बाहेर पडली की बाबा आधी तेलाच्या डब्याकडे जात नाहीत. पेंडीचा तुकडा उचलतात, मुठीत दाबतात, बोटांना लागलेलं चोळून बघतात. पेंड चकाकली, हाताला चिकटली, की मशीन थांबवून आवळायला लावतात. तेल किती निघालं हे तेलाकडे बघून कळत नाही, पेंडीकडे बघून कळतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. लॅबमध्ये आल्यावर पेंड कचऱ्याच्या बरणीत टाकायला शिकले.

मग मी मूळ पद्धत वाचायला बसले. दीड पानाची नक्कल नव्हे, १९५९चा मूळ लेख. ब्लाय आणि डायर हे कॅनडात हॅलिफॅक्सला मत्स्यसंशोधनाच्या संस्थेत काम करत होते. त्यांनी ही पद्धत बसवली ती कॉड माशाच्या मांसावर. त्यांची सगळी प्रमाणं माशाच्या मांसात सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं हे धरून ठरवलेली आहेत. तिच्या दोन वर्षं आधीची फोल्च यांची पद्धत मेंदूच्या ऊतींवर बेतलेली. मांसाच्या काय, मेंदूच्या काय, पेशींना भिंत नसते, नुसतं पातळ आवरण असतं. मिथेनॉल लागलं की ते विस्कटतं. यीस्टला मात्र भिंत असते. ग्लुकन, मॅनन आणि कोळंबीच्या कवचात असतं ते कायटिन यांची घट्ट वीण. लाल यीस्टची भिंत तर विशेष चिवट. माशासाठी केलेली कृती मी भिंतीआडच्या तेलावर वापरत होते आणि दोष यीस्टला देत होते.

भिंत फोडायची म्हणजे मण्यांनी कुटायची. अर्ध्या मिलिमीटरचे काचेचे मणी, त्यात यीस्ट, आणि ट्यूब जोरात हलवणारं मशीन. तीस सेकंद हलवायचं, मिनिटभर बर्फात ठेवायचं, असं आठ वेळा. खलबत्त्याचंच काम, पण लहान मापाचं. वेळ वाचावा म्हणून मी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल मण्यांबरोबरच ट्यूबमध्ये घातलं. चोथा पहिल्यांदाच पांढरा पडला आणि क्लोरोफॉर्म संत्र्याच्या रसासारखं झालं. कुपी तोलली. १०० मिलिग्रॅममध्ये ६३ मिलिग्रॅम.

मी धावत जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं. "ब्लँक किती आला?"

ब्लँक म्हणजे यीस्ट न घालता तीच सगळी कृती. मी केलाच नव्हता. आकडा कमी होता तेव्हा चार महिने शंका घेत होते, जास्त आला तेव्हा मिनिटभरही थांबले नाही. दुसऱ्या दिवशी ब्लँक केला. यीस्टचा कण नसलेल्या कुपीत ८ मिलिग्रॅम 'तेल' जमलं. मणी हलवायच्या ट्यूब प्लास्टिकच्या होत्या. क्लोरोफॉर्मने त्यातलं काहीबाही विरघळवून घेतलं होतं आणि सुकल्यावर ते तेलासारखंच चिकट दिसत होतं. उरलेल्या फुगवट्याचीही कारणं सापडत गेली. पेशी फुटल्यावर चोथा पिठासारखा बारीक होतो. मधल्या चकतीच्या फार जवळून पिपेट ओढलं की तो गाळ तेलात येतो. मिठाच्या पाण्याने मी खालचा थर धुतला नव्हता, म्हणून साखरेसारखे पदार्थ सोबत आले. शिवाय कुपीच्या तळाशी पाण्याचा सूक्ष्म थेंब राहिलेला. त्यातून तो पुण्यातला जुलै. तराजूवर ठेवल्या ठेवल्या वाळवलेली कुपी हवेतली ओल धरून जड होत होती.

मग एकेक दुरुस्ती केली. मण्यांनी फोडायचं ते पाण्यात, प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये. क्लोरोफॉर्म घालायचं ते सगळं नंतर, टेफ्लॉनच्या झाकणाच्या काचेच्या ट्यूबमध्ये. मणी पुन्हा पुन्हा धुऊन ते पाणीही घ्यायचं, कारण मण्यांना बरंच तेल चिकटून राहतं. खालचा थर मिठाच्या पाण्याने धुवायचा. चोथ्यातून तेल एकदाच नाही, तीनदा काढायचं. कुपी वाळवायची, तोलायची, पुन्हा वाळवायची, लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत. आणि दर खेपेला ब्लँक. आकडा आला ४४ टक्के. तीन वेळा केलं, फार हलला नाही.

दुसऱ्या वाटेनेही जाऊन पाहिलं. हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवलं की भिंत झिजून सैल पडते. तेल जवळपास तेवढंच आलं, पण रंगद्रव्यं जळून गेली आणि तेल काळपट झालं. नुसतं वजन हवं असेल तर ही रीत स्वस्त आहे, मशीनही लागत नाही. रंग सांभाळायचा असेल तर नाही.

तरी माझा विश्वास बसला तो ४४ या आकड्याने नाही. बसला तो चोथ्याच्या हिशेबाने. तेल बाहेर न काढताच मोजायची एक रीत आहे. वाळवलेल्या पावडरीवर आम्ल घातलेलं मिथेनॉल ओतून तापवलं की तेलातली मेदाम्लं जागच्या जागी मिथाइल एस्टर होऊन सुटतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजता येतात. सुरुवातीलाच सतरा कार्बनचं एक मेदाम्ल मोजून घालायचं. यीस्टमध्ये ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे वाटेत जेवढं सांडलं, त्याचा हिशेब त्यावरून लागतो. अख्ख्या पावडरीत मेदाम्लं भरली ४१ टक्के. कुपीतल्या वजनापेक्षा कमी, कारण इथे रंगद्रव्यं आणि स्टेरॉल धरली जात नाहीत. मग मी जुन्या पद्धतीने पुन्हा एकदा तेल काढलं आणि या खेपेला गुलाबी चोथा फेकला नाही. तो वाळवून याच रीतीने मोजला. बाहेर आलेलं तेल १२ मिलिग्रॅम, चोथ्यात राहिलेलं ३०. बेरीज ४२. चार महिन्यांत पहिल्यांदा बाजू जुळल्या. तेल होतं तिथेच होतं.

त्यानंतर पाच लिटरच्या फर्मेंटरवर काम सुरू झालं तेव्हा 'तेल काढणं' या शब्दाचा अर्थच पालटला. मोजण्यासाठी तेल काढायचं तेव्हा खर्चाला कुणी विचारत नाही. शंभर मिलिग्रॅमसाठी कितीही क्लोरोफॉर्म चालतं. मिळवण्यासाठी काढायचं तर क्लोरोफॉर्मसारखं विषारी सॉल्व्हंट बादच, त्याच्या जागी हेक्झेन घ्यायचं. यीस्ट गोठवून सुकवायला दोन दिवस मशीन चालतं, त्या विजेपुढे तेलाची किंमत ती काय? म्हणून ओलं यीस्टच फोडायचं ठरलं. ओल्या यीस्टमध्ये पाणी असतं, हेक्झेन पाण्याशी फटकून वागतं आणि तेल पाण्याच्या पलीकडे असतं. दाबाखाली पेशी फोडून हेक्झेन घातलं तर ताकासारखा पांढरा, हिंदकळणारा थर तयार झाला. तो काही केल्या फुटेना. प्रथिनं आणि भिंतीचे कण तेलाच्या थेंबांभोवती जमून बसले होते. थोडं मीठ, थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कोमट पाण्यात ठेवणं, असं करत अखेर तो फुटला. पण निघालेलं तेल सुक्या यीस्टपेक्षा कमीच होतं. या टप्प्यावर मी टक्क्यांना हुरळायचं सोडलं. नव्वद टक्के तेल काढायला शंभर रुपये आणि सत्तर टक्के काढायला वीस लागणार असतील, तर कारखानदार सत्तरच घेईल. बाबाही पेंडीत थोडं तेल सोडतातच.

याच काळात एकदा लाईट गेली. सेंट्रिफ्यूज अर्ध्यावर थांबला आणि ओलं यीस्ट रात्रभर टेबलावर राहिलं. सकाळी तेल काढलं, वजन नेहमीइतकंच भरलं. मी खूश. पण सिलिकाच्या प्लेटवर ते तेल चढवून आयोडीनच्या वाफेत धरलं, तेव्हा वरचा ट्रायग्लिसराइडचा ठिपका बारीक झालेला आणि खाली मोकळ्या मेदाम्लांचा जाड पट्टा. पेशी मरता मरता त्यांचीच लायपेज एन्झाइमं त्यांचंच तेल तोडत बसली होती. वजन तेच, तेल वेगळं. अशा तेलापासून अल्कलीने बायोडिझेल करायला गेलं तर साबण होतो. तेव्हापासून यीस्ट गोळा केलं की लगेच काही मिनिटं गरम करून ती एन्झाइमं निकामी करायची सवय लावून घेतली.

नवीन पद्धत हातात बसल्यावर मला पहिली आठवण झाली ती त्या नऊ यीस्टची. जी चार 'थोडं' म्हणून ठेवली होती, ती डीप फ्रीझरमध्ये नीट होती. पुन्हा मोजली. दोघांत ३० टक्क्यांच्या वर तेल निघालं आणि पुढचा माझा सगळा प्रबंध त्या दोघांवर उभा राहिला. लाल शेरा मारलेल्या पाचांपैकी तीन कुप्या एका कोपऱ्यात बर्फाखाली सापडल्या. एक जगली नाही. जगलेल्या दोघांपैकी एकात खरोखरच तेल नव्हतं, दुसऱ्यात २६ टक्के होतं.

उरलेल्या दोन कुप्या नव्हत्याच. मधे फ्रीझरची सफाई झाली होती आणि नको असलेल्या कुप्यांची यादी मागितली गेली, तेव्हा ती मीच दिली होती. त्यातलं एक यीस्ट केळीच्या सालीवरचं, दुसरं एक्स्पेलरमागच्या मातीतलं. पुढच्या सुट्टीत गावी जाऊन मी तिथली माती पुन्हा आणली. मधल्या काळात बाबांनी त्या जागी फरशी घालून घेतली होती, म्हणून कडेची खरवडून आणावी लागली. त्यातून बऱ्याच गोष्टी वाढल्या. ते यीस्ट काही पुन्हा सापडलं नाही.

वहीतला तो लाल शेरा मी खोडलेला नाही. शेजारी पेन्सिलीने एवढंच लिहून ठेवलं आहे: 'चोथा पाहिला नव्हता.'